ठिणगीची निगा

खंडेनवमीच्या दिवशीं आमच्या घरीं शस्त्रांची पूजा होते. शस्त्रें म्हणून आतां काय उरलें आहे? विळी, अडकित्ता, वडिलांची कुदळ, सूनबाईंचें शिवणयंत्र, नातवाचा संगणक, आणि दाराशीं उभी असलेली मोटार. मोटारीस झेंडूची माळ घालावी, चाकाखालीं लिंबू ठेवावें, कांचेखालीं कुंकवाचें स्वस्तिक काढावें, हें सर्व यथासांग होतें. परंतु तिच्या पुढचें झांकण उघडून आंत काय आहे हें पाहण्याची बुद्धि वर्षांतून एकदांहि कोणास होत नाहीं. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हाच प्रकार असेल असा आमचा तर्क आहे. म्हणून या वेळीं झांकणाखालच्या एका बोटभर वस्तूविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे स्पार्क प्लग.

संस्कृताचे विद्यार्थी या नात्यानें या वस्तूस ‘स्फुल्लिंगक’ म्हणावें असा आम्हीं एकदां बेत केला होता. गॅरेजांत जाऊन तो शब्द उच्चारलाहि. मिस्त्र्यानें आमच्याकडे दयार्द्र दृष्टीनें पाहिलें व “प्लग ना, मास्तर?” म्हणून विचारलें. तेव्हांपासून आम्हीहि प्लगच म्हणतों.

अरणी घुसळून अग्नि काढण्याचा विधि ज्यांनीं पाहिला असेल त्यांस ठाऊक आहे कीं, अग्नि पाडण्याहून तो योग्य वेळीं, योग्य जागीं व कोरड्या कापसावर पडणें हें अधिक कठीण असतें. मोटारीच्या इंजिनांत हेंच काम प्लग करतो. त्याचें बाहेरचें कवच पोलादी असून त्यावर आटे असतात. आंत चिनी मातीसारखी दिसणारी पांढरी नळी असते, तिच्या मध्यांतून धातूची एक कांडी खालीं येते, आणि कवचाच्या कडेपासून निघालेली दुसरी कांडी वांकून तिच्या समोर येऊन उभी राहते. या दोन टोकांमध्यें एक मिलिमीटरच्या आगेंमागें फट असते. बॅटरीचा १२ व्होल्टांचा प्रवाह कॉइलमध्यें दहा-वीस हजार व्होल्टांचा होऊन येतो, या फटींतून उडी मारतो, आणि पिस्टननें दाबून धरलेलें पेट्रोल व हवा यांचें मिश्रण पेटतें. त्या स्फोटाच्या धक्क्यानें गाडी चालते. डिझेलच्या गाडीस असा प्लग नसतो, तेथें हवाच दाबून इतकी तापविली जाते कीं इंधन आपोआप पेट घेतें. पेट्रोलच्या व सी.एन.जी.च्या गाडीस मात्र प्लगावांचून गति नाहीं.

शाळामास्तरास गणित घातल्याशिवाय राहवत नाहीं. इंजिन मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांस एक या हिशेबानें प्रत्येक प्लग मिनिटास १,५०० ठिणग्या पाडतो. साताऱ्याहून सांगलीस जाण्यास रस्ता मोकळा असतां साधारण दोन तास लागतात असें धरलें, तर तेवढ्या प्रवासांत एका प्लगाच्या १,८०,००० ठिणग्या झाल्या. प्रत्येक ठिणगीगणिक टोंकांची धातु कणभर झिजते आणि फट केंसभर वाढते. फट वाढली कीं ठिणगीस उडी मारणें जड जातें, आणि एक दिवस ती उडी चुकते. मिस्त्री लोक यास ‘गाडी मिसिंग करते’ असें म्हणतात.

प्लगाशीं आमची ओळख झाली ती साताऱ्याच्या स्कूटरीवर. साताऱ्यास १९७५ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीची ‘प्रिया’ स्कूटर त्या काळीं गांवोगांव दिसे. आतां ती निघत नाहीं. दोन स्ट्रोकांच्या इंजिनांत पेट्रोलाबरोबर तेलहि जळतें, त्यामुळें काजळी धरून प्लगांत ‘कचरा’ येणें हा त्या जातीच्या इंजिनांचा स्वभावच होता. शाळेस निघतांना स्कूटर एका अंगास कलंडून धरावी, किका माराव्या, तरी न ऐकल्यास प्लग काढून पॉलिश पेपरानें घासावा, हा आमचा नित्यक्रम. पांच-सात वर्षें हें केल्यावर आम्हांस असें वाटूं लागलें कीं प्लगशास्त्रांत आपण पारंगत झालों. या समजुतीची जी किंमत पडली ती सांगण्यासाठींच वस्तुतः हा लेख आहे.

१९९४ सालच्या पावसाळ्यांतील गोष्ट. आम्ही सर्व बंधु साताऱ्यास एकत्र राहत होतों. थोरल्या बंधूंनीं, म्हणजे दादांनीं, एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. तिचे चारी प्लग आपण स्वतः बदलूं, उगीच मजुरी कशास, म्हणून आम्हीं नवे प्लग आणले. योग्य मापाचा बॉक्स पाना घरांत नव्हता. जो होता तो कांहींसा सैल होता. तिसरा प्लग घट्ट करतांना पाना तिरका झाला, एक बारीकसा ‘कट्’ आवाज आला. गाडी तर लगेच सुरू झाली, तेव्हां आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. दादांचा मुलगा, तेव्हां चौदा वर्षांचा, शेजारीं उभा होता. तो म्हणाला, “काका, हे जुने प्लग डिकींत ठेवूं का?” आम्हीं म्हटलें, “टाकून दे ते. नवे असतां जुन्याचें काय काम?”

त्यानंतर आठ-दहा दिवसांनीं रात्रीं बाराच्या सुमारास सांगलीहून टेलिफोन आला. आमची बहीण सांगलीस गांवभागांत राहते. आमच्या मेहुण्यांस कांहीं दिवस बरें नव्हतें, त्यांची प्रकृति एकाएकीं बिघडली होती, आणि ते दादांची आठवण काढीत होते. दोघेहि एका वर्गांतले, सोयरिकीच्या आधींपासूनचे स्नेही. साडेबारास दादा व आम्ही निघालों. पाऊस धो धो कोसळत होता. तेव्हां हा रस्ता दोनपदरीच होता, तरी साडेतीन वाजेपर्यंत सांगली गांठूं असा अदमास होता.

उंब्रजच्या अलीकडे गाडी लटपटूं लागली. तिचें सर्व अंग थरथरे, चढावर जोर लागेना. झांकण उघडून पाहतों तों काळोखांत तिसऱ्या प्लगाच्या पांढऱ्या नळीवरून निळी ठिणगी बाहेरच्या बाहेर नाचत होती. नळीस तडा गेला होता. कोरड्या हवेंत त्या तड्यानें कसेंबसें निभावलें. पावसाची ओल शिरतांच ठिणगीनें आंतली अवघड वाट सोडून बाहेरची सोपी वाट धरली. ‘कट्’ आवाजाचा अर्थ तेव्हां आम्हांस कळला. धोतराच्या सोग्यानें पुसून पाहिलें. घटकाभर चाले, पुन्हां तेंच. डिकींत जॅक होता, दोरी होती, पाण्याचा डबा होता; प्लग मात्र नव्हता. तीन सिलिंडरांवर, वाटेंत चारदां थांबत, आम्ही कऱ्हाड गांठलें तेव्हां साडेतीन होऊन गेले होते.

रस्त्यालगत एका गॅरेजवाल्यास हांका मारून उठविलें. त्या भल्या गृहस्थानें कंदील घेऊन गाडी पाहिली. त्याजजवळहि त्या मापाचा नवा प्लग नव्हता. त्यानें एका गंजक्या डब्यांतून वापरलेला एक प्लग शोधून काढला, पुसला, फट नखानें अजमावून बसविला, आणि गाडी चालूं लागली. पैसे घेईना. म्हणाला, “मास्तर, जुना प्लग कधी टाकू नये. फडक्यात गुंडाळून डिकीत असू द्यावा. वेळेला देवासारखा धावून येतो.”

आम्ही सांगलीस पोहोंचलों तेव्हां उजाडलें होतें. मेहुण्यांस जाऊन तास-सव्वा तास झाला होता.

दादांनीं त्या रात्रीविषयीं पुढें कधीं एक शब्दहि काढला नाहीं. दिवसकार्य उरकून साताऱ्यास परत आल्यावर पुतण्यानें आपल्या दप्तराच्या कप्प्यांतून कागदांत गुंडाळलेले ते चार जुने प्लग आणून आमच्यासमोर ठेवले. त्यानें ते टाकले नव्हते. परंतु काकांची आज्ञा मोडून गाडींत ठेवण्याचें त्यास धैर्य झालें नाहीं. त्यांतले तीन अगदीं चांगले होते. आम्हीं ते बदलले ते केवळ नव्याच्या हौसेनें.

त्यानंतर आम्हीं हें काम जाणत्या मिस्त्र्याच्या हाताखालीं बसून पहिल्यापासून शिकून घेतलें. तें जसें शिकलों तसें येथें देतों.

प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. ज्यांत प्लग बसतो तें हेड बहुधा ॲल्युमिनियमचें असतें. तापलेल्या स्थितींत प्लग फिरविल्यास त्याचे मऊ आटे निघून येतात, आणि मग शंभर-दोनशें रुपयांच्या प्लगापायीं हजारोंचें काम निघतें. गाडी चालूं असतां प्लगाच्या तारेस हात लावूं नये. एका वेळीं एकच प्लग काढावा. सर्व तारा एकदम सुटल्या तर कोणती कोठली हें कळत नाहीं. पुष्कळ चार सिलिंडरी गाड्यांत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असतो. तो चुकल्यास गाडी खोकत राहते. तार ओढूं नये, तिचें टोपण धरून काढावें. अलीकडच्या गाड्यांत तारा नसून प्रत्येक प्लगाच्या डोक्यावर कॉइलच बसविलेली असते. तेथें आधीं तिची विजेची जोडणी हलक्या हातानें सोडवावी.

टोपण निघाल्यावर प्लगाच्या भोंवतालची धूळ पंपानें किंवा फुंकणीनें उडवून लावावी, नाहींतर प्लग निघतांच ती सिलिंडरांत पडते. पाना योग्य मापाचा घ्यावा आणि तो प्लगाच्या रेषेंत सरळ धरावा. आमचा सर्व अपराध या एका वाक्यांत आहे.

प्लग हातीं आल्यावर तो पुसण्याची घाई करूं नये; आधीं वाचावा. वैद्य जशी जीभ पाहतो तसें प्लगाचें टोंक पाहावें. तें तपकिरी किंवा राखी व कोरडें असेल तर इंजिनाची प्रकृति उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त व हवा कमी पडत आहे, किंवा गाडी नेहमीं थोडथोडकेंच अंतर चालत असून प्लगास आपली काजळी जाळण्याइतकी ऊब मिळत नाहीं. ओला, तेलकट काळेपणा असेल तर आंतून तेल वर येत आहे. पिस्टनच्या रिंगा अथवा व्हॉल्व्हचीं सीलें झिजलीं असतील, आणि नुसता प्लग बदलून तें दुखणें जाणार नाहीं. टोंक पांढरें फटक, फोड आल्यासारखें असेल तर इंजिन फाजील तापत आहे. आपल्या कृष्णाकांठच्या उसापासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत मिसळलें जातें व तें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा वीसपर्यंत गेलें. त्यामुळें जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांस मिश्रणांत हवा थोडी अधिक झाल्यासारखें होतें. अशा गाड्यांचे प्लग मधूनमधून पाहून मिस्त्र्याकडून मिश्रण जुळवून घ्यावें हें बरें.

चारी प्लग काढल्या क्रमानें कागदावर मांडावे. चारीहि सारखे दिसले तर दोष सर्वसाधारण. एकटाच वेगळा दिसला तर दोष त्या एका सिलिंडरांत, हा विचार तर्कशास्त्राचा आहे व तो घरच्या मुलांस शिकविण्यास फार चांगला.

साधा प्लग स्वच्छ करणें झाल्यास पेट्रोलांत भिजवून पितळी ब्रशानें हलकेंच घासावा व पूर्ण वाळवावा. पांढरी नळी खरवडूं नये. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे प्लग तर घासूंच नयेत. त्यांचें टोंक सुईसारखें नाजूक असतें. मग फट मोजावी. त्यासाठीं फीलर गेज म्हणून पातळ पत्त्यांची जुडी मिळते. जुन्या गाड्यांस बहुधा ०.६ ते ०.७ मिलिमीटर, नव्या पुष्कळ गाड्यांस ०.८ ते १.१ मिलिमीटर फट लागते. परंतु आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत दिलें असेल तेंच प्रमाण मानावें. कमीजास्त करतांना बाहेरची कांडीच वांकवावी, मधल्या कांडीवर जोर देऊं नये.

बसवितांना पहिले आटे बोटांनींच फिरवावे. जागा खोल असल्यास रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगाच्या डोक्यावर बसवून त्यानें फिरवावा. आटा चुकत असेल तर नळी हातांत घसरते आणि आटे वांचतात. हातानें पूर्ण बसल्यावरच पाना लावावा. नवा, वॉशरचा प्लग त्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच वापरलेला असेल तर वॉशर आधींच दबलेला असल्यामुळें फार थोडा. आणि वॉशर नसलेला, निमुळत्या बैठकीचा प्लग असेल तर फेऱ्याच्या सोळाव्या भागाइतकाच. बळाचें हें काम नव्हे.

नवा प्लग घेतांना पुस्तिकेंतलाच क्रमांक घ्यावा. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असें नव्हे. प्रत्येकाची उष्णता बाहेर टाकण्याची शक्ति निराळी असते. साधे प्लग नव्या गाड्यांत तीस-चाळीस हजार किलोमीटरपर्यंत, इरिडियमचे लाखाच्या आसपास टिकतात. तरी दर दहा हजारांस काढून पाहण्यास कांहीं मोडत नाहीं. गाडी मिसिंग करीत असतां तशीच दामटूं नये. न जळलेलें पेट्रोल मागच्या नळींतील धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रांत जाऊन जळतें आणि तें महाग यंत्र निकामी होतें.

या विद्येचा आमच्या कुटुंबास एकदां तरी खरा उपयोग झाला, तो सांगून लेख पुरा करतों. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेस महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं ४५ फूट ही धोक्याची पातळी मानतात; त्या वेळीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. बहिणीच्या घरांतली मंडळी आधींच बाहेर पडलीं होतीं, परंतु गाडी अंगणांतच राहिली आणि बुडाली. पाणी ओसरल्यावर भाच्यानें टेलिफोन केला, “मामा, गाडी धुऊन पुसून ठेवली आहे. किल्ली फिरवून पाहूं का?”

आम्हीं जवळजवळ ओरडलोंच. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. सिलिंडरांत पाणी असतां इंजिन फिरविलें तर पिस्टनचा दांडाच वांकतो, आणि मग इंजिन भंगारांत. आम्हीं त्यास सांगितलें, किल्लीस हात लावूं नकोस, बॅटरीची तार सोडव, मिस्त्र्यास बोलाव आणि आधीं चारी प्लग काढून घ्यायला सांग. तसें झालें. तेल उपसलें तें दुधाळ निघालें. प्लग काढून मिस्त्र्यानें इंजिन हातानें सावकाश फिरविलें, तेव्हां दोन भोंकांतून गढूळ पाण्याच्या चिळकांड्या बाहेर आल्या. गाडीच्या गाद्या गेल्या, विजेच्या बऱ्याच तारा बदलाव्या लागल्या. परंतु इंजिन वांचलें. त्याच आळींत ज्यांनीं घाईनें किल्ली फिरविली त्यांपैकीं कांहींचीं इंजिनें वांचलीं नाहींत.

बहिणीस हें सर्व भाच्यानें सांगितलें असावें. पुढें आम्ही सांगलीस गेलों तेव्हां तिनें आमच्यापुढें चहा ठेवला आणि विचारलें, “तें त्या रात्रीं तुझ्याकडे असतें तर वेळेवर पोहोंचला असतास का रे?” पंचवीस वर्षें तिनें हा प्रश्न विचारला नव्हता. आम्हीं होय म्हटलें. ती कांहीं वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “पोरांना शिकवून ठेव.”

तें आम्हीं चालविलें आहे. घरांतील मुलगे, मुली, सुना, ज्यांस ज्यांस गाडी चालवितां येते त्यांस प्रथम प्लग काढून, वाचून, परत बसवून दाखवावा लागतो, मगच किल्ली हातीं मिळते. आमच्या गाडीच्या डिकींत एका जुन्या धुतवस्त्राच्या तुकड्यांत चार वापरलेले परंतु चांगले प्लग, योग्य मापाचा पाना आणि रबरी नळीचा तुकडा कायम बांधून ठेवलेला असतो. येत्या खंडेनवमीस वाचकांनीं गाडीस माळ अवश्य घालावी. आणि माळ घालण्यापूर्वीं अशी एक पुरचुंडी तिच्यांत आहे कीं नाहीं, तें पाहावें.